नमुना सही

साहेबांची सही मी पहिल्यांदा केली
ती ससूनमधल्या एका बाळंतिणीसाठी.
रात्रीचे दोन. साहेब नागपुरात, अधिवेशनाला,
आमदार निवासातला फोन नुसता वाजत होता.
दारात तिचा नवरा, मार्केट यार्डातला हमाल,
केसांत कांद्याची सालं.
लेटरहेड काढलं. 'कृपया सहकार्य करावे.'
खाली सोपान येनपुरे,
'रे'ची मात्रा कागदाबाहेर पळायला निघालेली,
अगदी ते करायचे तशी.
आणि मला राहवेना म्हणून शेवटी एक टिंब.

सकाळी फोनवर कबूल केलं. हसले.
"कारखानीस, बाई सुटली ना नीट?
मग सही माझीच."

पुढे मोजणं सोडलं.
शाळेचे प्रवेश, तुंबलेली ड्रेनेजं, तडीपार पोराची आई,
पर्वती पायथ्याला नळकोंडाळं.
गुरुवारी वीज गेली की बिबवेवाडीच्या कार्यालयात
मेणबत्तीशी बसून पन्नास पन्नास सह्या.
प्रत्येकीखाली टिंब.

तेव्हा माणूस खरा होता, हे मी शपथेवर सांगीन.
(अजून कुणी शपथ घातलेली नाही.)
गुळाच्या गाळ्यावर तोलणार होते;
दांडी मारणाऱ्या अडत्याला उचलून
त्याच्याच काट्यावर बसवलं, वजन मोठ्यानं वाचलं,
आणि अख्खं यार्ड तीन दिवस बंद.
पहिली निवडणूक अपक्ष. चिन्ह शिट्टी.
सहाशे अकरा मतांनी आले,
महिनाभर पोरांनी पेठेला झोपू दिलं नाही.

मग काय काय झालं ते तारखांनी सांगता येईल.
मला ते पायताणांनी आठवतं.
कोल्हापुरी होती तेव्हा उपअभियंत्याच्या थोबाडीत मारली.
टँकर आला नव्हता; लोकांनी पेढे वाटले.
पांढरे बूट आले तेव्हा पक्ष बदलला,
रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान.
मी भिंतीवरची तसबीर उतरवली,
खिळा तोच राहिला.
अकरा महिने राज्यमंत्री. तेव्हाचे जोडे मी पाहिलेच नाहीत,
गाडीतून उतरायचेच नाहीत.

आणि सर्व्हे नंबर चौऱ्याऐंशी.
शाळेच्या मैदानाचं आरक्षण उठवण्यास
'माझी कोणतीही हरकत नाही.'
एका ओळीचं पत्र. आमच्या संगणकावरचं नव्हे,
आमच्याकडे 'ह' जरा तुटका उमटतो.

चौकशीत दोघांना शेजारी शेजारी बसवलं.
एकेक कोरा कागद. "दहा वेळा करा."
माझ्या दहा सरळ बाहेर पडल्या, मात्रा पळती.
त्यांचा हात थबकला. बावीस वर्षांत
स्वतःच्या हातानं किती केल्या असतील?
तिसरीला त्यांनी माझ्या कागदावर नजर टाकली,
पोरं परीक्षेत टाकतात तशी.
मी कागद जरा सरकवला. त्यांच्याकडे.

अहवाल आला: दप्तरातल्या शेकडो सह्यांशी पडताळता
पत्रावरची सही आमदारांची नाही.
गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध.
सातारा रोडभर फटाके, जेसीबीतून गुलाल,
आणि मला दुसऱ्या दिवसापासून
"कारखानीस, आता विश्रांती घ्या."

त्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे.
भिंगातून पाहिली, खिडकीच्या काचेला लावून पाहिली.
टिंब नाही.
कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
सांगितलं असतं का, हे रोज सकाळी दाढी करताना
मी अर्धवट ठरवतो.

मैदानावर बारा मजले झालेत.
पोरं खालच्या पार्किंगमध्ये बॅट धरतात,
वॉचमन शिट्टी वाजवतो.

कपाटात सात लेटरहेड उरलीत, कडा पिवळ्या.
परवा रात्री जिन्यात चपला थांबल्या.
चाळिशीचा माणूस, हातात केसपेपर,
आत यावं की नाही अशा बेतानं उभा.
"वडील व्हरांड्यात झोपवलेत, खाट नाही म्हणतात.
साहेबांचं पत्र तुमच्याकडं मिळतं म्हणे?"

मी चष्मा शोधू लागलो.